फॉन्टच्या जोड्या जुळवणं खेळातून शिकता येतं का?

येतं, निदान नजर तरी तयार होते. 'टाइप कनेक्शन' नावाचा इंग्रजी खेळ आहे, चक्क फॉन्टचं वधूवर सूचक मंडळ! आधी एक फॉन्ट निवडायचा, मग त्याच्यासाठी स्थळ शोधायचं: त्याच्याच घराण्यातलं, त्याच्यासारखं दिसणारं, अगदी उलट स्वभावाचं किंवा इतिहासाचा धागा असलेलं. गिल सान्स (1928) आणि जोआना घ्या. एकाला सेरिफ (अक्षराच्या टोकांना असलेली छोटी रेघ) नाही, दुसऱ्याला आहे, पण दोन्ही एरिक गिल या ब्रिटिश अक्षररचनाकाराचे. त्यामुळे अक्षरांचा सांगाडा जुळतो आणि जोडी शोभते.

खरी गंमत कारणांत आहे. लहान अक्षरांची उंची, रेषेची जाडी, गोलाई हे शेजारी ठेवून बघायची सवय लागते. थोडा फरक असलेले दोन फॉन्ट एकत्र आले की नुसती चूक वाटते. फरक ठळक हवा.

देवनागरीसाठी मात्र हा सराव स्वतःच करावा लागतो. मथळ्याला बलू, मजकुराला मुक्ता लावून बघा. दोन्ही 'एक टाइप' या भारतीय फॉन्ट-संस्थेचे, मोफत. शिरोरेषेची जाडी आधी तपासा. आणि मराठी वळणाचे ल, श आहेत ना, तेही; हिंदी वळणाचा ल मला तरी खटकतोच.