ऑपरेशनला धावशील, पण केमोला कोण?

"आईचं ऑपरेशन 21 तारखेला आहे. रजा आठच दिवसांची. दादा-वहिनी तिथे आहेतच, पण त्या दिवशी मी नसले तर जन्मभर मनाला लागून राहील," असं तू न्यू जर्सीहून लिहितेस.

अगं, वाचून जीव कळवळला. पण तो "आहेतच" मला खटकला.

ऑपरेशनच्या दिवशी माणसांना तोटा नसतो. कस लागतो नंतर. तुझ्या आईला दर तीन आठवड्यांनी एक, अशा चार केमो सांगितल्यात. प्रत्येकीनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली जातात. तेव्हा ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, की सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करायचा. घरातली तापाची गोळी देऊन बघत बसायचं नाही.

माझ्या आईच्या वेळी मीही ऑपरेशनलाच धावले. ती दोन दिवस गुंगीत, मी खुर्चीत. टाके निघायच्या आत परतले. पुढच्या खेपेला तिच्या उशाशी वहिनीची वही सापडली. पेन्सिलीने लिहिलं होतं: रात्री 11 वाजता ताप 99; 2 वाजता 100; 3 वाजता 100.6. खाली एकच शब्द, "निघालो". मी रोज फोनवर "आई कशी आहे?" विचारत होते. "तू झोपलीस का?" हे वहिनीला एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून सांगते, रजा राखून ठेव. दादाला "येऊ का?" विचारशील तर तो नकोच म्हणेल. वहिनीला विचार, "कुठल्या केमोला येऊ?" आणि गेलीस की रात्रीचा थर्मामीटर तू घे. कंपनीत 50 माणसं असतील आणि तुझी वर्षभर पूर्णवेळ नोकरी झाली असेल, तर एफएमएलए या अमेरिकेतल्या रजेच्या कायद्याखाली आईच्या आजारपणासाठी वर्षाला 12 आठवड्यांपर्यंत रजा मिळू शकते. बिनपगारी असते, पण गरजेप्रमाणे तुकड्यातुकड्यांनीही घेता येते. एचआरला आजच विचार.

मुलांच्या शाळेचं नवरा बघेल. पैशांचं दादाशी तू स्वतः बोल. आईला किती सांगायचं, हे आईलाच विचारा.

ऑपरेशनच्या दिवशी व्हिडिओवर आईला दिस. पण त्याआधी, आज तिकडे उजाडलं की, वहिनीला फोन लाव.