डुप्लिकेट नव्हे, मुजऱ्याचे घड्याळ

परभणीहून प्रश्न आला आहे. एका चिनी कंपनीचे टायटॅनियमचे डायव्ह वॉच, म्हणजे पाणबुड्याचे घड्याळ, मागवले. रूप रोलेक्सच्या सबमरिनरचे, तबकडीवर नाव मात्र त्या कंपनीचे स्वतःचे. विकणारा त्याला 'होमेज' म्हणतो, धाकटा भाऊ 'डुप्लिकेट' म्हणून हिणवतो. मराठीत नेमके काय म्हणावे, आणि घेतले ते बरे केले का?

'डुप्लिकेट' हा शब्द असा वापरलेला ऐकला की माझे डोके उठते. डुप्लिकेट चावीने कुलूप उघडतेच की! दुसऱ्याचे नाव छापून विकले तर ते बनावट. इथे नाव चोरलेले नाही. 'नक्कल'ही नको. तहसिलीतून सातबाऱ्याची नक्कल काढतो ती सहीशिक्क्याची असते, आणि या घड्याळाला मूळ कंपनीने कसलाही शिक्का दिलेला नाही.

'होमेज'च्या मुळाशी लॅटिन 'होमो' आहे, म्हणजे माणूस. मध्ययुगीन युरोपात मांडलिक धन्यापुढे गुडघे टेकायचा, जोडलेले हात त्याच्या हातात द्यायचा आणि 'आजपासून मी तुमचा माणूस' असे म्हणायचा. निवडणुकीच्या दिवसांत 'तो कुणाचा माणूस आहे?' असे विचारणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. या विधीला मराठीत एकच शब्द शोभतो: मुजरा.

आणि मुजरा म्हणजे नुसते लवून केलेले अभिवादन नव्हे! शब्द अरबी, धातू 'ज-र-य', वाहणे. 'जारी' त्याच घरचा. मुजरा म्हणजे वाहते केलेले, चालू केलेले, आणि त्यावरून हिशेबात धरलेले, वजा घातलेले. माझे आजोबा सेलूच्या मोंढ्यात मुनीम होते. पेरणीच्या तोंडावर शेतकरी आडत्याकडून उचल घ्यायचा. कापूस आला की पट्टीवर 'उचल मुजरा' असे लिहून आजोबा उरलेली रक्कम त्याच्या हातावर ठेवायचे. निजामाच्या राज्यात दफ्तर उर्दूत चाले, त्यामुळे हा अर्थ आमच्या भागात तोंडातोंडी होता. माझा तर्क असा की हे दोन्ही अर्थ एकच आहेत. दरबारात मुजरा घातला की हजेरी लागली, चाकरी खाती जमा झाली. पाठ वाकली ती हिशेबासाठीच वाकली. 'मुजरा' आणि 'मजुरी' एका मुळाचे, असे एका व्याख्यानात छातीठोकपणे सांगितलेले मी ऐकले आहे. साफ चूक. मजूर हा फारसी 'मुझ्दूर', त्यातला 'मुझ्द' म्हणजे मोबदला; अरबी 'ज-र-य'शी त्याचा काडीचा संबंध नाही.

'आदरांजली घड्याळ' सुचवणारेही आहेत. आदरांजली आता मराठीत गेलेल्या माणसालाच वाहतात, आणि 1953 साली जन्मलेले सबमरिनर अजून कारखान्यातून बाहेर पडते आहे. मुजरा परका म्हणून नको, असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे, की शिवजयंतीला 'मानाचा मुजरा' म्हणताना तुमची जीभ अडखळत नाही, मग इथेच का अडखळते?

तेव्हा 'मुजऱ्याचे घड्याळ' म्हणा. पारखायची रीतही या शब्दातच आहे: रूप उसने, ती उचल मुजरा करा आणि बाकी काय उरते ते बघा. सबमरिनर पोलादाचे किंवा सोन्याचे मिळते, टायटॅनियमचे नाही. म्हणजे धातू या घड्याळाचा स्वतःचा. टायटॅनियमची घनता साडेचार, पोलादाची जवळपास आठ, त्यामुळे धातूचा भार जवळपास निम्मा. मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळिसाच्या वर जातो, घामाने काहींना पट्ट्याखाली पोलादातल्या निकेलचे चट्टे उठतात. तो त्रास इथे नाही. शुद्ध टायटॅनियमवर (ग्रेड 2) ओरखडे मात्र लवकर पडतात. ग्रेड 5 असेल, म्हणजे त्यात सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असेल, किंवा वर कडक लेप असेल, तर चांगले. आत बहुधा सायको या जपानी कंपनीचे एनएच 35 यंत्र असेल: 24 माणके, एकदा पूर्ण चावी भरली की 41 तास चालते. दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे एवढी चूक कंपनीने स्वतःच मान्य केली आहे. रोलेक्स दिवसाला फार तर दोन सेकंद मागे-पुढे अशी हमी देते, त्यामुळे ही वजावट मोठी आहे.

तबकडीभोवतीचे कडे फिरवून बघा. बुडी मारताना त्यावरची खूण मिनिटकाट्याशी जुळवून वेळ मोजतात, म्हणून ते काट्यांच्या उलट्याच दिशेने फिरले पाहिजे. पाण्यात धक्का लागून चुकून फिरलेच, तर बुडी मारून झालेला वेळ जास्त दिसेल, कमी नाही, आणि पाणबुड्या लवकर वर येईल. कडे दोन्हीकडे फिरत असेल तर घड्याळ परत पाठवा.