वाडीत टेबलं मांडताना

या वेळी बहुतेक पत्रं किनारपट्टीवरून, वाडीत पाहुण्यांसाठी जेवणाची सोय करू पाहणाऱ्यांची आली. त्यांतली निवडक घेतली आहेत.

प्रश्न : मुलाकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो, तेव्हा पाम स्प्रिंग्ज या वाळवंटातल्या गावी बागेतल्या एका हॉटेलात जेवलो. झाडांतून बारीक दिवे, वरून धुक्यासारखा पाण्याचा फवारा, दोघादोघांची टेबलं लांब लांब. गुहागरला आमची पाऊण एकराची नारळ-पोफळीची वाडी आहे. तसंच इथे करायचं तर फवाऱ्याची यंत्रणा बसवावी का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : बसवू नका. तो फवारा पाण्याने गार करत नाही, पाणी उडून जाण्याने गार करतो. वाळवंटात उन्हाळ्यात तापमान ४० अंश आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असली, तर पाण्याचा कण टेबलापर्यंत पोचायच्या आत उडून जातो आणि हवा २० अंशांच्या आसपास उतरू शकते. प्रत्यक्षात तेवढी उतरत नाही, पण आठ-दहा अंशांचा फरक सहज पडतो. गुहागरला मे महिन्यात रात्री आठ वाजता ३० अंश आणि ८० ते ८५ टक्के आर्द्रता धरा. तिथे कितीही फवारलं तरी दोन-तीन अंशांच्या पलीकडे काही मिळत नाही. उरलेलं पाणी खाली पडतं ते टेबलक्लॉथवर, पापडावर आणि पाहुण्यांच्या चष्म्यावर. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर नोझल महिनाभरात क्षार धरून बंद पडतात, ते वेगळंच.

इथे गारवा वाऱ्यातूनच आणावा लागतो, आणि नेमकी जेवणाच्या वेळेला त्याची अडचण होते. दिवसभर समुद्रावरून येणारा खारा वारा सूर्यास्तानंतर मंदावतो. जमिनीकडून येणारा मतलई वारा सुरू व्हायला रात्रीचे नऊ-दहा वाजतात. मधले दीड-दोन तास झावळीचं पातंही हलत नाही. त्या वेळेसाठी पंखे हवेत. दर दोन टेबलांमागे २४ इंची एक स्टँडचा पंखा, टेबलापासून आठ-दहा फुटांवर, आणि त्याचा रोख कमरेच्या खाली. डोक्यावर वारा सोडला तर केस उडतात आणि ताटातला भात गार होतो. पायांवर सोडला तर घामही सुकतो आणि डासही बसत नाहीत, कारण डास उडण्यात अगदी दुबळा असतो. पंख्याची जाळी प्लॅस्टिकची घ्या. लोखंडी जाळी खाऱ्या हवेत एका मोसमात गंजते.

तिथून घेण्यासारखं आहे ते आडोशाचं तंत्र, पण तेही उलटं करून. पाम स्प्रिंग्जला वर्षाला १२-१३ सेंटिमीटर पाऊस पडतो, म्हणून तिथल्या बागा भिंतींच्या आत असतात: तापलेला वारा आणि धूळ बाहेर, सावली आणि ओलावा आत. पश्चिमेला सॅन हासिंतोचा डोंगर अगदी अंगावर असल्यामुळे संध्याकाळची सावलीही लवकर येते. आपल्याकडे उंच भिंत घातली की आपणच आपला वारा अडवतो. चिऱ्यांचा गडगा दोन फुटांपर्यंत ठेवा, वर जास्वंद चार फुटांवर छाटलेली. बसलेल्या माणसाला शेजारचं टेबल दिसत नाही आणि वारा फांद्यांतून येत राहतो. दोन टेबलांत दहा फूट अंतर असलं तर बोलणंही कमी ऐकू जातं.

चूल किंवा ग्रिल वाडीच्या दक्षिण टोकाला मांडा. संध्याकाळचा वारा बहुधा वायव्येकडून आणि रात्रीचा पूर्वेकडून येतो. दक्षिणेला ग्रिल असलं तर दोन्ही वेळा धूर टेबलांपासून लांब जातो.

प्रश्न : टेबलं माडांखाली मांडली आहेत. नारळ पडण्याची भीती वाटते. जाळी लावावी की टेबलं हलवावीत? डासांसाठी धूरफवारणी किती वेळा करावी?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आधी टेबलं हलवा. माडांची लागवड २५ फुटांवर असेल तर चार माडांच्या चौकोनाचा मध्य प्रत्येक खोडापासून साडेसतरा फुटांवर येतो. टेबल तिथे. नारळ सरळ खाली, खोडापासून पाच-सहा फुटांत पडतो. झावळ मात्र वाऱ्यावर तरंगत लांब जाते, आणि तिचा देठ डोक्यात बसला तर नारळाइतकाच लागतो. म्हणून पाडेली दर ४५ दिवसांनी येतो तेव्हा त्याला नुसते तयार नारळ पाडायला सांगू नका. सुकत आलेल्या झावळ्या, वाळलेल्या पोयी आणि उंदराने पोखरलेली फळंही काढून घ्यायला सांगा. अवेळी पडतात ती बहुतेक हीच. वाकलेल्या माडाचा हिशेब खोडापासून नाही, शेंड्यापासून करा. जुन्या लागवडीत माड १५-१६ फुटांवर असतात, तिथे मोकळा चौकोन सापडत नाही. अशा ठिकाणी येण्याजाण्याच्या वाटेवर शेंड्याखाली नायलॉनची जाळी लावावी लागते. ती दर पाडणीला तपासा, कारण उन्हाने नायलॉन कुजतो.

धूरफवारणी उडणारे डास मारते, अळ्यांना काही करत नाही, आणि वास जेवणात उतरतो. डासाची अंड्यापासून पंख फुटेपर्यंतची मजल सात ते दहा दिवसांची असते. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून वाडी कोरडी करा. पोफळीच्या गळलेल्या विऱ्या (झावळीचे रुंद, पन्हळीसारखे देठ) उपड्या पडल्या तर ठीक, उताण्या पडल्या तर प्रत्येकीत वाटीभर पाणी साचतं. त्या गोळा करा. करवंट्या, कुंड्यांखालच्या थाळ्या, पंपाजवळचा खड्डा रिकामा करा. जे रिकामं करता येत नाही, उदाहरणार्थ शिंपण्याची टाकी, त्यात गप्पी मासे सोडा. डेंग्यूचा डास दिवसा आणि मावळतीच्या आधी चावतो, त्यामुळे सूर्यास्त बघायला साडेपाचलाच येणाऱ्या पाहुण्यांसाठीही पंखे सुरू ठेवा.

प्रश्न : मुंबई-पुण्याचे पाहुणे काहीतरी वेगळं मागतात. मेनूवर ‘कंटेम्पररी अमेरिकन’ लिहावं असा सल्ला मिळाला. म्हणजे बर्गर आणि फ्राइजच ना? अंजर्ल्यात ते कितपत चालेल?
— एक वाचक, अंजर्ले

उत्तर : नाही. बर्गर हा त्यातला एक कोपरा. या स्वयंपाकाची सुरुवात सांगताना बहुतेक जण १९७१ मध्ये ॲलिस वॉटर्स यांनी कॅलिफोर्नियात बर्कलीला सुरू केलेल्या ‘शे पानीस’ या हॉटेलाचं नाव घेतात. आसपासच्या शेतातलं, त्या आठवड्यात मिळालेलं घ्यायचं, तंत्र फ्रेंच-इटालियन वापरायचं आणि रोज मेनू बदलायचा, ही त्यांची पद्धत. वाळवंटी भागात त्यात मका, मिरची, खजूर आणि मेस्किटच्या लाकडाचा धूर आला. मेस्किट म्हणजे आपल्या देशावरच्या वेड्या बाभळीचंच भावंड. पद्धत तीच ठेवली तर अंजर्ल्यात सुरमई, कोकम आणि ओले काजूगर येतात. खालचे दोन पदार्थ त्या पठडीतले आणि आपल्या सामानातले.

ग्रिलवरची सुरमई, आगळ-गुळाचा लेप : पाव कप आगळ (कोकमाचा खारवलेला रस), पाऊण कप किसलेला गूळ, अर्धा कप पाणी, दोन ब्याडगी मिरच्या, चार पाकळ्या लसूण. स्टीलच्या पातेल्यात निम्मं होईपर्यंत आटवून गाळा. ॲल्युमिनियम नको, आगळाची आंबट धार भांडं खाते. मीठ घालू नका, आगळात भरपूर असतं. सुरमईचे काप एक इंच जाडीचे, पुसून कोरडे केलेले. तेल जाळीला नाही, माशाला लावा. जाळी तापल्यावर काप ठेवा आणि चार मिनिटं हात लावू नका. मासा चिकटतो तो ओला असल्यामुळे किंवा घाईने उलटल्यामुळे; साल धरली की आपोआप सुटतो. उलटून तीन मिनिटं, आणि लेप शेवटच्या एका मिनिटात. गूळ आधी लावला तर बाहेरून काळा आणि आतून कच्चा, ही ठरलेली तक्रार. मधोमध ६३ अंश झालं की उतरवा.

निखारे करवंटीच्या कोळशाचे ठेवा, आच कडक आणि धूर जवळजवळ नाही. नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) फक्त पेटवायला; त्यांचा धूर माशाला कडवट करतो. सुरमई आणि बांगडा होडीतून उतरल्यापासून बर्फात हवेत. उन्हात दोन-तीन तास राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. ओठ झिणझिणले, अंगावर लाली आली, की पाहुणा त्याला ॲलर्जी म्हणतो, पण चूक बर्फाची असते. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुरमई मेनूवरून काढा.

बिडातला मक्याचा ब्रेड : मक्याचा रवा आणि मैदा एकेक कप, बेकिंग पावडर तीन चहाचे चमचे, सोडा पाव चमचा, मीठ पाऊण चमचा, साखर दोन मोठे चमचे, ताक सव्वा कप, दोन अंडी, ६० ग्रॅम वितळलेलं लोणी. रवा ताकात पंधरा मिनिटं भिजवा, नाहीतर दाताखाली कचकचतो. मक्याचं बारीक पीठ वापरलं तर ब्रेड चिकट आणि दडस होतो. नऊ-दहा इंची बिडाची कढई ओव्हनमध्ये २०० अंशांवर तापवून घ्या, थोडं लोणी सोडा, मिश्रण ओतताना चर्र आवाज आला पाहिजे. वीस ते पंचवीस मिनिटं. फुगला नाही तर आधी बेकिंग पावडरवर संशय घ्या: आपल्या दमट हवेत उघडा डबा दोन महिन्यांत निकामी होतो. चमचाभर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तरच वापरा.

ओल्या काजूगरांची कोशिंबीर करणार असाल तर सोलणाऱ्याच्या हाताला खोबरेल लावा. चीक कातडी भाजतो.

प्रश्न : टेबलावरच्या मेणबत्त्या सारख्या विझतात.
— एक वाचक, मालवण

उत्तर : कंदिलाची काच घ्या, खालून हवा जायला फट असलेली, ज्योतीच्या तिप्पट उंच. उघड्या ग्लासात तळाला वाळू घालून मेणबत्ती बसवली तरी चालते. उजेड मात्र एवढा ठेवा की माशाचा काटा दिसेल. अंधुक उजेडात सुरमई खपेल, पाल्यासारखा बारीक काट्यांचा मासा नाही.

प्रश्न : वाडी किनाऱ्याला लागून आहे. दिव्यांच्या माळा लावायच्या आहेत, पण कासवांचं काम करणारे नको म्हणतात. त्यांचं ऐकावं का?
— एक वाचक, वेळासजवळून

उत्तर : ऐका. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात, पिल्लं सात-आठ आठवड्यांनी बाहेर पडतात, म्हणजे तुमचा सगळा मोसम त्यांचाही मोसम. पिल्लू उजळ क्षितिजाकडे चालतं. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं, तुमची माळ लागली की वाडीचं. पारख सोपी आहे: रात्री पाण्याच्या कडेला जाऊन वाडीकडे तोंड करून उभे राहा. एक जरी बल्ब थेट दिसला तर तो हलवा, खाली आणा किंवा त्याला समुद्राच्या बाजूने करवंटीची टोपी घाला. बल्ब पिवळसर-केशरी, २२०० केल्विनचे, एक-दोन वॅटचे. पांढऱ्या ६५०० केल्विनच्या बल्बांपेक्षा त्यांच्यावर किडेही कमी येतात. दहानंतर किनाऱ्याकडची ओळ बंद.

माळ माडांना ताणून बांधू नका. माड डोलतो आणि पहिल्या वावटळीत वायर तुटते. वेगळे खांब रोवून त्यांच्यात स्टीलची तार ओढा आणि माळ तिच्यावर सैल सोडा. हुक ३१६ दर्जाच्या स्टीलचे घ्या, ३०४ ला समुद्राजवळ तांबूस डाग पडतात. सगळ्या बाहेरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) हवाच, ओल्या मातीवर अनवाणी पाहुणे चालणार आहेत. आणि पक्कं काही बांधायच्या आधी सीआरझेडमध्ये (किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात) तुमचा सर्व्हे नंबर कुठे येतो ते तहसील कार्यालयात विचारा. चौथरा घातल्यावर विचारलं तर तो काढायचा खर्चही तुमचाच.