अहवालातील 'निष्काळजीपणा'

प्रश्न : मी तीन महिन्यांपूर्वी पर्यवेक्षक झालो. गेल्या आठवड्यात कन्व्हेयरचा, म्हणजे माल वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याचा, रोलर साफ करताना माझ्या पाळीतील एका कामगाराची दोन बोटे पट्ट्याखाली चेंगरली. आम्ही त्याला रुग्णालयात नेले, तोवर इकडे जागा धुऊन यंत्र पुन्हा सुरू झाले होते. अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढेच कारण लिहावे, असे वरिष्ठ म्हणतात. मला ते पटत नाही. मी काय करावे?

उत्तर : आधी एक गोष्ट तपासा. गंभीर दुखापतीची सूचना कायद्याने ठरवलेल्या मुदतीत संबंधित खात्याकडे गेली आहे का? ही सूचना कारण सापडेपर्यंत थांबवायची नसते. कोणाला, कुठे, केव्हा आणि किती इजा झाली, एवढे तीत पुरते.

जागा धुतली गेल्याने बराच पुरावा हातचा गेला आहे, आणि ही बाब अहवालात जशीच्या तशी नोंदवावी. ती लपवली, तर पुढच्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. आता मेंटेनन्सची नोंदवही, पाळीची नोंद, असल्यास कॅमेऱ्याचे चित्रण आणि साक्षीदार यांवर भिस्त ठेवावी लागेल. साक्षीदारांशी एकेकट्याने बोला, कारण चौघे एकत्र बसले की चौघांची मिळून एकच हकीकत तयार होते. 'चूक कोणाची?' असे न विचारता 'पाळी सुरू झाल्यापासून काय काय घडले?' असे विचारा, आणि त्यांनी पाहिलेले व ऐकलेले वेगवेगळे लिहून घ्या.

खरा प्रश्न कारणाचा आहे. समजा, पट्टा चालू असताना हात घातला गेला. तो का थांबवला नव्हता? कदाचित थांबवण्याचे बटण दुसऱ्या टोकाला असेल. संरक्षक जाळी का काढलेली होती? कदाचित एका पाळीत अनेकदा सफाई करावी लागत असेल आणि दर वेळी बोल्ट खोलणे शक्य नसेल. माल इतका चिकटतोच का? कदाचित खरवडणारी पट्टी झिजली असेल आणि नव्या पट्टीची मागणी कोणाच्या तरी टेबलावर पडून असेल. ही केवळ उदाहरणे आहेत, तुमच्याकडची साखळी वेगळी निघेल. पण 'निष्काळजीपणा' लिहिला की ती पहिल्याच कडीपाशी तुटते. कदाचित ते टेबल तुमचेच असेल. म्हणूनच या चौकशीत दुसऱ्या विभागातील एखादी व्यक्ती आणि कामगारांचा प्रतिनिधी अवश्य असावा.

उपायांच्या रकान्यात 'कामगारांना समज दिली' हे वाक्य फार आढळते. तो सर्वांत दुबळा उपाय आहे. जाळी उघडताच यंत्र बंद पडेल अशी सोय, किंवा सफाईची गरजच कमी करणारी दुरुस्ती, यांना आधी स्थान द्या आणि प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव व तारीख लिहा.

याच रोलरमध्ये पूर्वी कोणाचा हातमोजा किंवा फडका ओढला गेला होता का, हेही विचारा. अमेरिकेतील औद्योगिक सुरक्षेचे अभ्यासक हाइनरिख यांनी 1931 मध्ये एका मोठ्या दुखापतीमागे 29 किरकोळ दुखापती आणि 300 इजाविरहित घटना असे प्रमाण मांडले. तो आकडा सर्वत्र लागू पडत नाही, हे खरे. तरीही अशा थोडक्यात टळलेल्या घटना सांगितल्या गेल्या असत्या, तर जाळीचा प्रश्न आधीच पुढे आला असता.

वरिष्ठांशी वाद घालण्यापेक्षा या नोंदी त्यांच्यापुढे ठेवा, आणि तुम्हाला न सापडलेल्या कारणाखाली सही करू नका. जखमी कामगाराचा जबाब अजून घेतला नसेल, तर त्याच्या वेदना आणि औषधांची गुंगी ओसरल्यावर तो घ्या आणि लिहिलेला मजकूर त्याला वाचून दाखवा.