नाउरू : जमीन खोदून विकलेल्या बेटाविषयी

प्रशांत महासागरातल्या नाउरू या देशाने पायाखालची जमीन खतासाठी विकली आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांच्या पंक्तीतून तीसेक वर्षांत तो दिवाळखोरीत गेला, असं या सदरात ओघात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून आज फक्त त्यांनाच उत्तरं देतो.

नकाशात हे बेट सापडायलाच वेळ लागला. ‘जमीन विकली’ म्हणजे आज तिथे नेमकं काय दिसतं? – एक विद्यार्थिनी, सांगली

विषुववृत्ताच्या अगदी खाली, जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं हे बेट. किनाऱ्यालगत दीडशे ते तीनशे मीटर रुंदीची सपाट पट्टी आहे. घरं, नारळ, रस्ता, विमानतळ जवळपास सगळं तिच्यावरच. आतलं पठार म्हणजे स्थानिकांच्या बोलीत ‘टॉपसाइड’. बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग हाच. पठारावर प्रवाळाच्या चुनखडीचे सुळके होते आणि त्यांच्या मधल्या खाचांत फॉस्फेट ठासून भरलेलं होतं. वरची झाडं आणि माती काढायची, क्रेनच्या पंज्याने खाचा रिकाम्या करायच्या, सुळके तसेच सोडून पुढे जायचं, अशी खाणकामाची रीत. मासा खाऊन झाल्यावर ताटात काटे उरावेत तसे ते सुळके मैलभर उभे आहेत, काही ठिकाणी दोन-तीन पुरुष उंच. तिथे शेती होत नाही, घर बांधता येत नाही, धड चालताही येत नाही. नदी तर बेटावर नव्हतीच.

आम्ही कापसाला वर्षानुवर्षं सिंगल सुपर टाकतो. ते याच बेटाचं असायचं का? – एक शेतकरी, जालना

बहुधा नाही. दगडी फॉस्फेट दळून त्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया केली की तुमचं सुपर फॉस्फेट, म्हणजे पिकाला लागणारं स्फुरद, तयार होतं. आपल्याकडे हा दगड मुख्यतः जॉर्डन, मोरोक्को, इजिप्त इथून येतो, थोडा उदयपूरजवळच्या झामरकोट्र्याचा असतो. नाउरूच्या दगडावर पोसली गेली ती ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची कुरणं आणि गव्हाची शेतं. तिथली माती मुळातच स्फुरदाला गरीब, आणि नाउरूचा दगड जगातल्या उत्तम प्रतीचा.

आपला एक धागा मात्र आहे. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी १९८१ मध्ये भारत सरकार आणि नाउरू सरकार यांच्या भागीदारीत सुरू झाली. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाहून कमी वस्तीचा तो देश तेव्हा भारतातल्या खतकारखान्यात भांडवल घालत होता! १९९३ मध्ये तो त्यातून बाहेर पडला.

इतकं खणताना आपण काय करतोय हे कुणालाच कळलं नाही? – एक निवृत्त शिक्षक, पुणे

सगळ्यांना कळत होतं. मला या गोष्टीत सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच वाटतो. साठा किती, दरसाल बोटीत भरतो किती, हा भागाकार कुणालाही येतो. विसावं शतक संपण्याच्या सुमाराला दगड संपेल, हे १९६०च्या दशकातच उघड बोललं जात होतं. इतकं, की बेट राहण्यालायक उरणार नाही हे धरून, तेव्हा बेटाचा कारभार पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियाने १९६३-६४ मध्ये अख्ख्या नाउरूला क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर वसवायचा प्रस्ताव दिला. हॅमर डीरॉबर्ट हे तेव्हाचे पुढारी आणि पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष. तिथे आम्ही ऑस्ट्रेलियन नागरिक होऊ, नाउरूचे राहणार नाही, म्हणून त्यांनी तो नाकारला. त्या जागी मीही नाकारला असता.

उरला मार्ग एकच : दगडाचे पैसे करायचे, पैसे निधीत गुंतवायचे आणि दगड संपल्यावर व्याजावर जगायचं. कागदावर ही योजना वाईट नव्हती. जमिनीची जागा पैशाने घ्यायची होती; फक्त तो पैसा जमिनीइतका सांभाळायला हवा होता.

मग दोष गोऱ्या सत्तांचा की नाउरूच्या लोकांचा? – अनेक वाचक

आधी क्रम पाहा. फॉस्फेट सापडलं १९०० मध्ये. सिडनीतल्या एका कचेरीत दार अडकवायला ठेवलेला नाउरूचा दगड आल्बर्ट एलिस यांनी तपासला आणि तो अव्वल फॉस्फेट निघाला. बेट तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं, खणणारी कंपनी ब्रिटिश. १९०७ मध्ये पहिली बोट भरली. जमीनमालकाला टनामागे अर्धा पेनी मिळायचा. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी ४२, ४२ आणि १६ टक्के असा माल वाटून घेतला आणि आपल्या शेतकऱ्यांना बाजारभावाहून कितीतरी स्वस्तात पुरवला. ही सवलत कुणाच्या खिशातून गेली हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सुमारे १२०० नाउरूवासी ट्रुक बेटांवर मजुरीला नेले. १९४६ मध्ये जिवंत परतले ७३७.

३१ जानेवारी १९६८ला देश स्वतंत्र झाला तेव्हा स्वतःच्याच बेटावरची यंत्रसामग्री त्याला २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून विकत घ्यावी लागली. आधी खणलेली जमीन पूर्ववत कोणी करायची, हा वाद तसाच राहिला. श्रीलंकेचे कायदेपंडित क्रिस्टोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली नाउरूने चौकशी आयोग नेमला आणि १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. खटला चालवायलाच नको, हा ऑस्ट्रेलियाचा मुख्य आक्षेप न्यायालयाने १९९२ मध्ये फेटाळला, आणि पुढच्याच वर्षी १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. निकाल लागला असता तर काय झालं असतं हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण उरलेलं खाणकाम, आणि ते बरंच होतं, स्वतंत्र नाउरूने केलं.

एवढा पैसा गेला कुठे? – एक बँक कर्मचारी, नाशिक

१९७४ च्या आसपास जगात फॉस्फेटचे भाव अनेक पटींनी चढले आणि नाउरूचं दरडोई उत्पन्न तेलवाल्या देशांच्या शेजारी जाऊन बसलं. प्राप्तिकर नाही, दवाखाना फुकट, नोकरी सरकारी. खाणीत राबायला किरिबाती, तुवालू, चीनमधली माणसं. सात-आठ हजारांच्या देशाची स्वतःची विमान कंपनी, तिच्याकडे बोइंगांचा ताफा, आणि उड्डाणं बरीचशी रिकामी. मेलबर्नमध्ये ५२ मजली नाउरू हाउस, गुआम आणि होनोलुलूत मालमत्ता. १९९३ मध्ये लंडनला लिओनार्दो दा विंचीच्या आयुष्यावरची एक संगीतिकाही नाउरूच्या पैशावर रंगमंचावर आली आणि सपशेल आपटली. एका सल्लागाराच्या भरीला पडून सरकारने त्यात पैसे घातले होते.

तुम्ही बँकेत आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. संगीतिकेची गंमत सगळे सांगतात, पण निधी बुडाला तो तिच्यामुळे नव्हे. दरवर्षी उत्पन्नापेक्षा खर्च जास्त, ती तूट भरायला कर्ज आणि कर्जाला तारण निधीतल्या इमारती. शिखरावर असताना एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेलेला निधी असा पोखरला गेला. नव्वदच्या दशकात परदेशी पैशांसाठी दारं उघडली, तेव्हा एका टपालपेटीच्या पत्त्यावर सुमारे ४०० बँका नोंदल्या गेल्या. २००४ मध्ये मेलबर्नची इमारत विकावी लागली, २००५ मध्ये शेवटचं विमान सावकारांनी नेलं.

शरीरांचा हिशेब निराळाच. मासेमारी आणि नारळ-केतकीची फळं सुटली, पांढरा तांदूळ आणि डबाबंद मांस आलं. सत्तरच्या दशकातल्या सर्वेक्षणात दर तीन प्रौढांमागे जवळपास एकाला मधुमेह निघाला.

ईस्टर बेटाचीही हीच कथा ना? झाडं तोडली आणि संपले? – एक वाचक, बडोदा

प्रशांत महासागरातल्याच या बेटाची कथा तशी शिकवली जाते खरी. पामची जंगलं नाहीशी झाली हे निर्विवाद, पण ‘म्हणून समाज कोसळला’ हा भाग डळमळीत आहे. उंदरांनी पामच्या बिया फस्त केल्या, त्याचाही वाटा होता. २०२४ मध्ये जुन्या डीएनएवरचा अभ्यास आला, त्यात सतराव्या शतकात लोकसंख्या घसरल्याची खूण सापडली नाही. खरा घाला पडला तो १८६२-६३ मध्ये, पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांचा, आणि मागोमाग देवीच्या साथीचा. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसं उरली होती. म्हणूनच उदाहरण द्यायचं तर मी नाउरूचं देतो. तिथे प्रत्येक व्यवहाराचा कागद आहे.

आता तो देश जगतो कशावर? – एक वाचक, मडगाव

२००१ पासून, मधली काही वर्षं वगळता, ऑस्ट्रेलियाने आपल्याकडे नको असलेले आश्रयार्थी तिथल्या छावण्यांत ठेवले. त्याचे पैसे मिळतात. मासेमारी परवाने आहेत. समुद्र वाढला तर किनारपट्टीवरच्या लोकांना टॉपसाइडवर हलवायचं आहे, आणि त्यासाठी २०२५ मध्ये किमान १,०५,००० अमेरिकी डॉलरला नागरिकत्व विकायला काढलं.

आणि समुद्रतळ. मँगनीज, निकेल, कोबाल्टचे बटाट्याएवढे गोळे खोल तळावर पसरलेले असतात. ते काढू पाहणाऱ्या एका कंपनीचा पुरस्कर्ता देश नाउरू आहे. जून २०२१ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला नोटीस दिली की दोन वर्षांत खाणकामाचे नियम करा. जुलै २०२३ला मुदत संपली तेव्हा नियम झालेले नव्हते.

तुम्ही गोव्याचे, म्हणून हेही सांगतो. असे गोळे हिंद महासागरातून भारताने पहिल्यांदा वर काढले ते १९८१ मध्ये, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने. तिथल्या ७५,००० चौरस किलोमीटर तळावर त्यांचा शोध घ्यायचा करार आज आपल्या नावावर आहे.