‘थोडे’ नेमके किती?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका शाळेत इंग्रजी शिकवतो. ‘फ्यू’, ‘अ फ्यू’, ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ या चारही ठिकाणी मुले ‘थोडे’ एवढाच अर्थ पाठ करतात आणि मग त्यांतला कोणताही शब्द कोठेही वापरतात. यांतील भेद मराठीतून कसा समजावून द्यावा?

उत्तर : अर्धा भेद सोपा आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यू’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘लिटल’, म्हणजे विहिरी ‘फ्यू’ आणि विहिरीतले पाणी ‘लिटल’. पैशापाशी मात्र मुले हमखास अडखळतात, कारण रुपये मोजता येत असले तरी ‘मनी’ हा शब्द इंग्रजी व्याकरण पाण्याच्याच रांगेत बसवते.

खरी अडचण आहे ती ‘अ’ची. तो लागल्याने वस्तू वाढत नाही, बोलणाऱ्याचा तिच्याविषयीचा अंदाज बदलतो. ऐन मे महिन्यात विहिरीच्या तळाशी हातभर पाणी असेल, तर ‘अ लिटल वॉटर’ म्हणणारा ते पाणी जमेस धरतो आणि नुसते ‘लिटल वॉटर’ म्हणणारा ते नसल्यातच जमा असून आता टँकरची सोय पाहावी लागेल, असे सुचवतो. मराठीत हाच भेद ‘च’ दाखवतो, फक्त उलट बाजूने : ‘थोडे पाणी आहे’ म्हणजे ‘अ लिटल’ आणि ‘थोडेच पाणी आहे’ म्हणजे नुसते ‘लिटल’. ही जोडी आपल्या भागातल्या मुलांना तोंडपाठ व्याख्येपेक्षा लवकर कळेल, असे मला वाटते. मात्र नुसते ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ इंग्रजीत लेखी वळणाचे वाटतात. रोजच्या बोलण्यात त्यांच्या जागी ‘नॉट मेनी’, ‘नॉट मच’ किंवा ‘ओन्ली अ फ्यू’ अधिक ऐकू येते. ‘क्वाइट अ फ्यू’ हा तर निव्वळ चकवा आहे, कारण त्याचा अर्थ ‘बरेच’ असा होतो.

‘सम’ होकारार्थी वाक्यात आणि ‘एनी’ नकारार्थी व प्रश्नार्थी वाक्यात, हा वर्गात सांगितला जाणारा नियमही अपुरा आहे. पाहुण्याला चहा विचारताना होकाराची अपेक्षा असते, म्हणून तेथे प्रश्न असूनही ‘सम टी’ असेच म्हणतात.

प्रश्न : परदेशी पाककृतींतील ‘पिंच’, ‘डॅश’ आणि ‘स्मिजन’ ही मापे किती धरावीत? (एक वाचक, लातूर)

उत्तर : मुळात ही हाताची मापे आहेत. अमेरिकेत मिळणाऱ्या छोट्या चमच्यांच्या काही संचांत ‘डॅश’ म्हणजे चहाच्या चमच्याचा 1/8, ‘पिंच’ 1/16 आणि ‘स्मिजन’ 1/32 भाग धरलेला असतो, तथापि सगळे उत्पादक हेच प्रमाण पाळतात असे नाही. ‘पिंच’साठी आपली चिमूट चालेल. पातळ पदार्थाचा ‘डॅश’ म्हणजे बाटली एकदा झटकल्यावर पडतील तेवढे थेंब, आणि तिखट सॉस असेल तर त्याहूनही कमी घालून आधी चव पाहावी.