वजनाचा टक्का सारखा, दम मात्र वेगळा

प्रश्न : मी सहा वर्षं लांब पल्ल्याचं धावतो. माझा मित्र तेवढीच वर्षं जिममध्ये जड वजनं मारतो. लेग प्रेसवर (पायांनी वजन ढकलायचं यंत्र) माझं एका वेळचं कमाल वजन 90 किलो, त्याचं 150. दोघांनी आपापल्या कमालीच्या 70 टक्के लावून पाय थांबेपर्यंत मारलं. तो 16 वर थांबला, माझे 30 झाले. जिममधल्या तक्त्यात 70 टक्क्यांपुढे 11 रेप्स (एका सेटमध्ये सलग मारायच्या आवृत्त्या) लिहिलेत. शिवाय मी दीड मिनिटात पुढच्या सेटला तयार असतो, त्याला चार मिनिटं लागतात. चुकतंय कुणाचं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चूक कुणाचीच नाही, आणि मित्र आळशीही नाही. हा फरक मोजला गेला आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लांब पल्ल्याचे धावपटू आणि वेटलिफ्टर यांची लेग प्रेसवरच तुलना केली होती. कमालीच्या 70 टक्क्यांवर धावपटूंचे सरासरी सुमारे 40 रेप्स झाले, वेटलिफ्टरांचे सुमारे 18. वजन 90 टक्क्यांवर नेल्यावर हेच आकडे 11 आणि 7 वर आले. म्हणजे वजन जसं हलकं, तसा धावण्याचा फायदा मोठा.

वर्षानुवर्षं धावल्याने मांडीच्या स्नायूत केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात. प्राणवायू जास्त पोचतो आणि जास्त वापरलाही जातो. मित्राच्या स्नायूतले जलद आवळणारे तंतू जाड झालेले आहेत. ते जोर प्रचंड लावतात, पण लवकर दमतात. त्यात आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही : टक्का सारखा असला तरी तुम्ही 63 किलो ढकलता, तो 105. स्नायू जितक्या जोराने आवळतो, तितक्या त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सेट चालू असताना मित्राच्या मांडीला रक्त कमी मिळतं आणि स्नायूत फॉस्फेट व आम्लता झपाट्याने साचते. पाय ‘भरून येतात’ ते इथे.

विश्रांतीचंही तसंच आहे. जड सेटमध्ये फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे स्नायूतल्या झटपट ऊर्जेचा, साठा संपत येतो. तो अर्धा भरायला साधारण अर्धं मिनिट पुरतं, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. ही भरपाई प्राणवायूवर चालते, म्हणून तुमची लवकर होते. तुम्ही दोन मिनिटं घ्या, त्याला चार घेऊ द्या. तुमच्या वेळेवर त्याला ओढलंत तर दुसऱ्या-तिसऱ्या सेटला त्याचे रेप्स कोसळतील आणि त्याचा व्यायामच वाया जाईल.

खरा धोका हिशोबात आहे. रेप्सवरून कमाल वजन काढायचं प्रचलित सूत्र असं : रेप्सना 30 ने भागा, त्यात 1 मिळवा, आलेल्या आकड्याने वजनाला गुणा. मित्राचं उत्तर येतं 161 किलो. खऱ्या 150 पेक्षा थोडं जास्त, तरी जवळपास. तुमचं येतं 126 किलो, आणि तुमची खरी कमाल आहे 90! या आकड्यावर विसंबून कुणी 110 किलो लावलं तर ते पाय दुमडलेल्या अवस्थेतच अंगावर येईल. सूत्र वापरायचंच तर पाच-सहा रेप्समध्ये थांबवणाऱ्या वजनावर वापरा. दहाच्या पुढे त्याचा भरवसा धरू नका.

आणि तक्ता बाजूला ठेवा. आणखी दोन रेप्स नीट झाले असते अशा जागी प्रत्येक सेट थांबवा. ताकद वाढवायची असेल तर पाच-सहा रेप्सचं वजन निवडा. तुमच्यासाठी ते कमालीच्या 90 टक्क्यांच्या आसपास पडेल, मित्रासाठी त्याहून थोडं खाली. तुम्ही 70 टक्क्यांवर 10 रेप्स मारून थांबलात, तर तो जेमतेम वॉर्म-अप झाला.

प्रश्न : तालमीत मी रोज 500 बैठका मारतो. पण खांद्यावर बार घेऊन जड स्क्वॉट मारताना तिसऱ्या सेटलाच पाय थरथरतात. असं का?
— एक पैलवान, कोल्हापूर

उत्तर : बैठकीत फक्त अंगाचं वजन असतं आणि लय असते, म्हणून तुमचे पाय शेकड्यांत टिकतात. जड बारला मात्र मोठे, जोरकस तंतू एकाच वेळी कामाला लावावे लागतात, आणि मेंदू-मज्जातंतूंना त्याची सवय अजून नाही. ती सवय जड वजनानेच लागते, बैठका 800 केल्याने नाही. आठवड्यातून दोन दिवस, पाच रेप्सचे चार सेट, मध्ये पुरी तीन मिनिटं विश्रांती, असं दोन महिने करा. त्या दिवशी स्क्वॉट आधी, बैठका नंतर आणि शंभरच. आधी 500 मारून बारखाली गेलात तर पाठ वाकते, आणि इजा तिथेच होते. रॅकच्या आडव्या सुरक्षा-दांड्या लावल्याशिवाय बार घेऊ नका.

प्रश्न : जिमच्या पहिल्या दिवशी काही वाटलं नाही, पण तिसऱ्या दिवशी जिना उतरवेना. सोबतच्या जुन्या मैत्रिणीला तोच व्यायाम करून काहीच झालं नाही. लॅक्टिक ॲसिड साचलं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. लॅक्टेट तासा-दीड तासात निघून जातं. वजन खाली आणताना स्नायू ताणात राहून लांबतो. सवय नसलेल्या स्नायूत त्यामुळे बारीक इजा होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांत टिपेला पोचतं. मैत्रिणीच्या स्नायूंना त्याची सवय झाली आहे. एकदा केलेला व्यायाम पुढचे काही आठवडे संरक्षण देतो. तुम्ही दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे एक-दोनच सेट करा, मग तिसरा वाढवा. दुखण्यासोबत लघवी कोलासारखी गडद झाली किंवा मांडी टणक सुजली, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.